व्हायरस बदलला म्हणून इम्युनिटी झीरो? काकाजी, थांबा जरा

आमच्या फॅमिली ग्रुपवर काकाजींनी परत तोच मेसेज टाकला. दर सहा महिन्यांनी येतो, फक्त वरचे इमोजी बदलतात. म्हणणं असं की व्हायरस सारखा बदलतो म्हणून कोरोनाची लस फुकट गेली, एकदा आजार होऊन गेला की जन्मभराची नॅचरल इम्युनिटी मिळते, नवे व्हेरिएंट लसीमुळेच आले, आणि गोवराची लस कधी बदलावी लागली नाही मग हीच का? मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली, त्यामुळे लगेच 'तू सांग ना गं' सुरू झालं. सांगते, जरा लांबेल.

लसीमुळे व्हेरिएंट आले हे आधी घेते, कारण ते नुसत्या तारखांवरच आपटतं. बीटा व्हेरिएंटचे पहिले नमुने दक्षिण आफ्रिकेतले, मे २०२०. अल्फा ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२०, डेल्टा आपल्याकडे ऑक्टोबर २०२०, गॅमा ब्राझीलमध्ये नोव्हेंबर २०२०. आणि आपल्याकडे लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला, तेही आधी फक्त हेल्थ वर्कर्सचं. फेब्रुवारीत अमरावतीत केसेस एकदम वाढल्या, लॉकडाऊन लागला, तेव्हा आपल्या घरात एकालाही डोस मिळाला नव्हता, विसरले का काकाजी? म्युटेशन म्हणजे कॉपी काढताना झालेली चूक, या व्हायरसच्या जनुकीय मजकुरात जवळपास ३० हजार अक्षरं आहेत, तो जितक्या लोकांत आणि जितके दिवस वाढेल तितक्या चुका होणार, त्याला लस लागत नाही.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याला देते. बहुतेकांकडे इम्युनिटी असली की तिला चुकवणारा व्हेरिएंटच पुढे सरकतो, हे खरंय. पण ती इम्युनिटी लसीतून आली का आजारातून, हे व्हायरस विचारत बसत नाही, म्हणजे 'नॅचरल'लाही तोच नियम लागला.

आता जन्मभराची नॅचरल इम्युनिटी. ब्राझीलमधलं मनाऊस शहर बघा. रक्तदात्यांच्या तपासण्यांवरून अंदाज निघाला की ऑक्टोबर २०२० पर्यंत तिथल्या सुमारे ७६ टक्के लोकांना कोरोना होऊन गेलाय, सगळे म्हणाले चला सुटलो, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याच शहरात ऑक्सिजन संपला. ७६ चा अंदाज जास्त असेलही, पण पहिल्या लाटेतली इम्युनिटी कमी होत गेली आणि वरून गॅमा आला, दोन्ही मिळून ते झालं. कतारमध्ये हे नीट मोजलंय. आधी होऊन गेलेल्या इन्फेक्शनचं संरक्षण अल्फा, बीटा, डेल्टाविरुद्ध ८५ ते ९२ टक्के होतं, ओमिक्रॉन आला आणि ते ५६ वर घसरलं. पण त्याच अभ्यासात गंभीर आजारापासूनचं संरक्षण ओमिक्रॉनविरुद्धही ८८ च्या आसपास राहिलं. हा दुसरा आकडा कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतो!

आणि 'लस फुकट गेली'चं उत्तर याच दुसऱ्या आकड्यात आहे. तो आजारातून आलेल्या इम्युनिटीचा आहे खरा, पण लसीची इम्युनिटीही तशीच चालते. आपल्या आजीला सप्टेंबर २०२० मध्ये कोरोना झाला तेव्हा ती अकरा दिवस ऑक्सिजनवर होती. मध्ये दोन डोस झाले, जानेवारी २०२२ मध्ये परत पॉझिटिव्ह, दोन दिवस ताप आणि तिसऱ्या दिवशी 'भाकर नाही का केली?' बरं, एका आजीवरून काही सिद्ध होत नाही, ओमिक्रॉन स्वतःही डेल्टापेक्षा थोडा सौम्य होता, पण आत काय चाललं असतं ते सांगते.

अँटीबॉडी व्हायरसच्या स्पाइकला, म्हणजे त्याच्या अंगावरच्या प्रोटीनच्या काट्याला, बाहेरून चिकटते. त्या स्पाइकमध्ये १२७३ कड्या (अमिनो आम्लं), ओमिक्रॉनने त्यातल्या तिसाच्या वर बदलल्या, आणि त्यातल्या १५ नेमक्या पेशीला चिकटणाऱ्या भागात, जिथे सगळ्यात चांगल्या अँटीबॉडी बसतात. म्हणून इन्फेक्शन झालं. पण टी सेल्स, म्हणजे इम्युनिटीच्या दुसऱ्या फौजेतल्या पेशी, असा आख्खा व्हायरस बघतच नाहीत. पेशीत घुसलेल्या व्हायरसचे तुकडे होतात, आठ-दहा कड्यांचा एक तुकडा पेशी बाहेर टांगते, आणि टी सेल त्यावरून ओळखते. गोधडीतली एक चिंधी बघून आजी सांगते ना, ही सुमनच्या हिरव्या लुगड्याची, तसं. तीस टाके बदलले तरी बाकीच्या चिंध्या जुन्याच, म्हणून ओमिक्रॉनमध्येही बहुतेक तुकडे ओळखू आले. फक्त या फौजेला जागं व्हायला चार-पाच दिवस लागतात, तोवर नाक-घसा व्हायरसच्या ताब्यात जातो, फुफ्फुसांचं मोठं नुकसान मात्र आठवड्याभराने होतं आणि तिथे ही फौज वेळेवर पोचते.

गोवराचा मुद्दा खरंच चांगलाय. गोवराचा व्हायरसही कोरोनासारखा आरएनएवालाच (त्याचा जनुकीय मजकूर डीएनएऐवजी आरएनएत असतो), तोही बदलतो, तरी १९५४ साली अमेरिकेतल्या एका आजारी मुलाकडून मिळवलेल्या व्हायरसपासून केलेली लस आजही चालते. कारण ज्या भागांवर अँटीबॉडी बसतात तेच त्याला पेशीत शिरायला लागतात, ते बदलले तर तो स्वतःच लुळा पडतो. शिवाय त्याला अंगभर पसरून पुरळ यायला दोन आठवडे लागतात, इम्युनिटीच्या मेमरीला जागं व्हायला भरपूर वेळ मिळतो. फ्लूला हे बंधन नाही, म्हणून त्याची लस दरवर्षी तपासून बदलतात, त्याला कोणी घोटाळा म्हणत नाही. कोरोना फ्लूच्या बाजूला झुकतो. ओमिक्रॉनसाठी वेगळी लस तर आपल्या पुण्यातल्याच जेनोव्हाने केली होती, २०२३ मध्ये मंजुरीही मिळाली.

राहिली शेवटची ओळ, 'असं एका जगप्रसिद्ध संशोधकाने कबूल केलंय'. नाव दिलेलं नाही. काकाजी, ज्यांनी पाठवलं त्यांना विचारा ना, कोण ते?