यीस्टचा संसर्ग म्हणजे अस्वच्छता नव्हे

काही वर्षांपूर्वी मला योनीमार्गात यीस्टचा, म्हणजे एका सूक्ष्म बुरशीचा, संसर्ग झाला, तेव्हा कोणतीही तपासणी होण्याआधीच मला "जरा स्वच्छता पाळत जा" असे सांगण्यात आले. त्या वाक्याचा इतका संकोच वाटला की त्यानंतर पुन्हा त्रास झाला तेव्हा मी तो कोणाला न सांगता सोसला. पुढे या विषयावर वाचत गेले, तेव्हा कळले की ते वाक्य मनाला लागणारे तर होतेच, शिवाय चुकीचेही होते.

कॅन्डिडा अल्बिकन्स हे यीस्ट कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि योनीमार्गात काहीही त्रास न देता राहत असते. या अवयवांच्या आतल्या ओलसर अस्तराला श्लेष्मल त्वचा म्हणतात. तिथे ऊब आणि ओलावा असला तरी टिकून राहणे यीस्टला सोपे नसते, कारण लाळ सतत वाहत असते, तिच्यातील काही प्रथिने यीस्टला मारतात, अस्तराच्या वरच्या पेशी झडत राहतात आणि योनीमार्गातील लॅक्टोबॅसिलस जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून तिथला पीएच साधारण ४.५ च्या खाली, म्हणजे आम्लधर्मी, ठेवतात. म्हणून यीस्टला आधी घट्ट चिकटावे लागते. त्याच्या पेशींतून फुटणाऱ्या तंतूंवरील एक प्रथिन आपल्या पेशींच्या प्रथिनांशी इतके मिळतेजुळते असते की आपल्याच शरीरातील एक विकर (एन्झाइम) त्याला अस्तराशी कायमचे जोडून टाकते. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी थक्क झाले.

परिस्थिती अनुकूल झाली की गोलसर पेशींतून लांब तंतू फुटतात आणि ते अस्तरात शिरू लागतात. या तंतूंपासून कॅन्डिडालायसिन नावाचे, अवघ्या ३१ अमिनो आम्लांचे एक विष निघते आणि ते पेशींच्या आवरणाला भोके पाडते. त्याचा शोध २०१६ साली प्रसिद्ध झाला. थोड्याफार गोल पेशी असतील तर आपले अस्तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करते, पण तंतू वाढले आणि हे विष जाणवू लागले की अस्तर प्रतिकारयंत्रणेला हाक देते. योनीमार्गात त्या हाकेला धावून येणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना यीस्ट नीट आवरता येत नाही, उलट त्यांच्यामुळेच दाह, लाली आणि खाज वाढते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्त्रियांच्या योनीमार्गात हे यीस्ट मुद्दाम सोडण्यात आले, तरी लक्षणे थोड्याच जणींमध्ये दिसली, आणि ज्यांच्यात दिसली त्यांच्या स्रावात याच पांढऱ्या पेशींची गर्दी होती. यीस्ट नुसते असणे आणि आजार होणे यांत किती अंतर आहे, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

हा समतोल बिघडण्याची कारणे पाहिली, तर प्रतिजैविकांनी मेलेले उपयुक्त जीवाणू, आटोक्यात नसलेला मधुमेह, गरोदरपणातील संप्रेरकांचे बदल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, दम्यासाठी ओढले जाणारे स्टेरॉइड, एचआयव्ही अशी नावे पुढे येतात. यांतले काय साबणाने धुऊन जाणार आहे? कवळीची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती रात्रीही तोंडातच राहिली आणि नीट साफ केली नाही, तर तिच्यावर यीस्टचा चिवट थर बसतो आणि टाळू लाल होतो, त्यामुळे तिथे स्वच्छतेचा आग्रह योग्यच आहे. योनीमार्ग आतून धुण्याने मात्र तिथल्या उपयुक्त जीवाणूंचेच नुकसान होते.

सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, असे मानले जाते. इतक्या सर्रास होणाऱ्या आजाराबद्दल कुजबुजत बोलावे लागते, याचा मला मनापासून राग येतो, कारण त्या संकोचापोटी कित्येक जणी परस्पर मलम आणून लावतात. खाज आणि पांढरे जाणे इतर संसर्गांतही असते, स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खात्री होत नाही, आणि कॅन्डिडाच्या काही प्रजातींवर फ्लुकोनॅझोल हे नेहमीचे बुरशीविरोधी औषध नीट चालत नाही. त्रास वर्षातून तीन-चारदा उलटत असेल, तर स्रावाचे कल्चर (त्यातील यीस्ट प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी) करून घेण्याचा आग्रह रुग्णाने स्वतः धरायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

तिसऱ्या वेळी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी स्राव तपासायला घेतला, अलीकडे कोणती औषधे घेतली ते विचारले आणि रक्तातील साखरही तपासायला सांगितली. मला मधुमेह असल्याचे त्या तपासणीत पहिल्यांदा कळले.