पोटगीवर हसायला माझी हरकत नाही

नमस्कार. माझ्या सिनेपरीक्षणावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की ‘जोडी ब्रेकर्स’ हा घटकाभर हसवायला काढलेला सिनेमा, त्याला मी उगाच कायद्याच्या तराजूत घातलं. आणि पोटगीपायी लुटल्या जाणाऱ्या नवऱ्याची व्यथा पडद्यावर आली की ती माझ्यासारख्या बायकांना खुपते.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. माधवनने नायकाच्या भूमिकेत मनापासून काम केलंय आणि मी त्याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. ती चूक माझी.

दुसरं मात्र मान्य नाही. नवऱ्याची व्यथा दाखवली म्हणून मी चिडले नव्हते, ती दाखवलीच नाही म्हणून चिडले. घटस्फोटाने आणि पोटगीने बेजार झालेला नायक आणि त्यातून इतरांची लग्नं मोडून द्यायचा त्याचा धंदा, ही कल्पना किती भारी आहे! पण पोटगी म्हणजे बायकोने लावलेला दंड, एवढंच लेखकाने गृहीत धरलं आणि तिथेच विनोद संपला. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा आहे. त्याच्या कलम २४ आणि २५ खाली पोटगी बायको मागू शकते तसा नवराही मागू शकतो. ठरलेली रक्कम ही काळ्या दगडावरची रेघ नसते. परिस्थिती बदलली तर कोर्ट ती वाढवतं, कमी करतं, रद्दही करतं. एखादा नवरा बायकोकडे पोटगी मागायला उभा राहतो आणि दोन्हीकडचे नातेवाईक हादरतात, या एका प्रसंगावर अर्धा सिनेमा निघाला असता.

आता ‘लुटण्या’बद्दल. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, काही राज्यांनी वाढवलेली मर्यादा सोडली तर, २००१ पर्यंत महिन्याला ५०० रुपयांच्या वर पोटगी मिळतच नव्हती. शाहबानोला मंजूर झालेली रक्कम होती महिन्याला १७९ रुपये २० पैसे. तिचा नवरा स्वतः वकील, तरी तेवढ्यासाठी त्याने सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि १९८५ साली हरला. कोट्यवधींच्या पोटगीच्या बातम्या आपल्या लक्षात राहतात. शाहबानोसारख्या तुटपुंज्या रकमांसाठी हेलपाटे घालणाऱ्या बायका बातमीत येत नाहीत.

तरीही देणाऱ्याचं दुःख खोटं नसतं, हे मला माहीत आहे. माझ्या धाकट्या भावाच्या घटस्फोटात मी प्रत्येक तारखेला त्याच्यासोबत कोर्टाच्या बाकावर बसलेय. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावलं. पगार, बँक खाती, हप्ते, विमा, आईवडिलांवर होणारा खर्च, सगळं शपथेवर. ज्या दोघांनी संसारात एकमेकांना पगाराचा खरा आकडा सांगितला नाही, त्यांना तो अनोळखी माणसांसमोर लिहून द्यावा लागतो. भावाला त्याची फार लाज वाटली होती. पैसे देण्यापेक्षा ते उघडं पडणं त्याला जड गेलं. सिनेमा २०१२ चा, त्यात हे प्रतिज्ञापत्र नसणार हे उघड आहे. पण ती लाज तेव्हाही होतीच की.

तुम्ही शेवटी विचारलंय, मग विनोद करायचा तरी कशावर? सांगते. वकील बाकावर बसून भावाकडून राहिलेले तपशील भरून घेत होते. विम्याच्या पॉलिसीचा नंबर त्याला काही केल्या आठवेना. समोरच्या बाकावरून वहिनीने तो धडाधडा म्हणून दाखवला, कारण इतकी वर्षं हप्ते तीच भरत होती. क्षणभर सगळे गप्प. मग आधी ती हसली, मग तो. वकीलसुद्धा हसले.