बंद जेटपर्यंत बाटली पोचतच नाही

सध्या एक संदेश मोबाइलवरून सगळीकडे फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) कधीच खोलू नका, मिस्त्री फुकटचे पैसे घेतात. पेट्रोलच्या टाकीत क्लीनरची एक बाटली ओता, पन्नास किलोमीटर गाडी फिरवा, आतला सगळा कचरा विरघळून जळून जाईल. बाटली नसेल तर थिनर किंवा डांबर गोळ्याही चालतात. मायलेज दहाने वाढेल, इथेनॉलमुळे आलेलं पाणी नाहीसं होईल, आणि जुन्या-नव्या सगळ्या गाड्यांना हे लागू आहे.

नागपुरात कार्बोरेटरच्या गाड्या अजून भरपूर आहेत. हिंगण्याच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारे, इतवारीतून माल पोचवणारे, घरोघरी पार्सल नेणारे असे कितीतरी जण जुनी स्प्लेंडर, शाइन किंवा पल्सर जपून वापरतात. गाडी दिवसभर उभी राहिली तर त्यांची त्या दिवसाची कमाई बुडते. हा संदेश खरा मानून सगळ्यात आधी फसतात ते हेच लोक. म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

“सगळा कचरा विरघळतो.” आधी कचरा म्हणजे काय ते बघावं लागेल. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या वाटीत सापडणारा मळ साधारण तीन प्रकारचा असतो. एक, पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहिलेला चिकट, पिवळट-तपकिरी थर. दोन, टाकीतून आलेला गंजाचा चुरा आणि बारीक माती. तीन, पाणी साचून राहिल्याने वाटीच्या धातूवर चढलेली पांढरी भुकटी. क्लीनरमधलं डिटर्जंट या तिघांपैकी फक्त पहिल्यावर काम करतं. गंज पेट्रोलात विरघळत नाही, माती विरघळत नाही, ती भुकटीही विरघळत नाही. बाटलीवर काहीही छापलेलं असो.

आता पहिल्या प्रकाराचंही बघा. गाडी आयडलिंगला, म्हणजे उभ्या जागी चालू असताना इंजिनाला पेट्रोल मिळतं ते पायलट जेट नावाच्या छोट्या पितळी नळीतून, आणि त्या जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. कचरा अडकतो तो बहुतेक वेळा इथेच. म्हणून तक्रार अशी येते: “भाऊ, चालताना गाडी मस्त पळते, पण व्हरायटी चौकात सिग्नलला थांबली की बंद पडून राहिली.” पळताना मेन जेटमधून पेट्रोल येतं, ते मोकळं असतं. ॲक्सिलेटर सोडला की सगळी भिस्त पायलट जेटवर, आणि तो चोंदलेला. क्लीनर येतं पेट्रोलाबरोबर, आणि पेट्रोल जातं मोकळ्या वाटेने. ज्या छिद्रातून पेट्रोलच जात नाही, त्याच्या आतून क्लीनर फिरणार कसं?

त्यात मात्राही लक्षात घ्या. दहा लिटर पेट्रोलात 50 मिलिलिटर क्लीनर म्हणजे अर्धा टक्का. वाटीत एका वेळी पंचवीस-तीस मिलिलिटर पेट्रोल असतं असं धरलं, तर त्यात क्लीनरचे जेमतेम दोन-तीन थेंब. वाहत्या पेट्रोलात एवढंसं डिटर्जंटही पातळ थर बसू देत नाही, हे मान्य. पण उन्हाने वाळून घट्ट बसलेला खडा तेवढ्याने निघत नाही.

आणि आपल्याकडचं ऊन म्हणजे काही साधंसुधं नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. सुट्ट्यांत गावी जाताना लोक गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी करून जातात. वाटीतलं पेट्रोल हवेच्या नळीवाटे हळूहळू उडत राहतं. हलका भाग आधी जातो आणि जड, चिकट भाग तळाशी राहतो. अशा गाडीची वाटी खोलली की पेट्रोलचा नेहमीचा वास येत नाही, शिळ्या व्हार्निशसारखा आंबट, उग्र वास येतो. तळाला मधाच्या रंगाचा थर असतो, नखाने खरवडला तर पापुद्रे निघतात. पायलट जेट काढून उन्हाकडे धरला तर पलीकडचं काहीच दिसत नाही. मग त्यात कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार हलक्या हाताने आरपार घालायची आणि कॉम्प्रेसरची हवा द्यायची. तपकिरी कण उडून जातो आणि छिद्रातून उजेडाचा गोल, स्वच्छ ठिपका दिसतो. पितळ मऊ असतं, त्यामुळे सुई किंवा टाचणी घालायची नाही. छिद्र मोठं झालं की तो जेट कायमचा वाया गेला.

शिवाय अर्ध्या कार्बोरेटरमधून पेट्रोल जातच नाही, तिथे फक्त हवा असते. हवा आत घेणारी एअर ब्लीडची बारीक छिद्रं, कार्बोरेटरमधल्या पिस्टनची वरची बाजू, मोठ्या गाड्यांमधला रबरी डायफ्राम. एअर फिल्टर फाटलेला असेल तर धूळ या बाजूने आत येते. टाकीत ओतलेलं क्लीनर तिथे पोचायला वाटच नाही. वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या पिनचं टोक झिजून कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असेल, तर तिथेही बाटली काही करणार नाही. झिजलेला भाग बदलावाच लागतो.

मग या बाटल्या निव्वळ धूळफेक आहेत का? तसंही नाही. चांगल्या क्लीनरमधली पॉलिइथरअमाइनसारखी डिटर्जंट रसायनं इंजेक्टरवर (नव्या गाड्यांत पेट्रोल फवारणारा भाग) आणि इनटेक व्हॉल्व्हवर बसणारा थर कमी करतात, हे खरं आहे. कार्बोरेटर स्वच्छ असताना, बाटलीवर लिहिलेल्या मापात, अधूनमधून टाकलं तर नवीन थर बसायला वेळ लागेल. पण जुनाट, गंजलेल्या टाकीत एकदम भरपूर ओतलं तर भिंतीवरचे पापुद्रे सुटून खाली येऊ शकतात, आणि तोवर मोकळं असलेलं मेन जेटही चोंदू शकतं.

“थिनर किंवा डांबर गोळ्याही चालतात.” संपूर्ण संदेशातलं हे सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे, आणि लोकांच्या जिवावर उठणारं असं काही बेफिकिरीने पुढे पाठवलं जातं याचा मला मनापासून राग येतो. रंगाच्या थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटोन अशी द्रावकं असतात. ॲसिटोनने रबरी ओ-रिंग आणि वॉशर फुगतात, मऊ पडतात. टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकचं वॉशर फुगलं की पेट्रोल झिरपायला लागतं, तेही तापलेल्या इंजिनाच्या अगदी वर. टाकीवर सांडलं तर रंग जातो, ती गोष्ट वेगळीच. लुनासारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीत टूटी (2T) ऑइल, म्हणजे इंजिनाचं वंगण, पेट्रोलातूनच इंजिनात जातं, तिथे असलं द्रावक ऑइलचा थर पातळ करून पिस्टन जाम करू शकतं.

डांबर गोळ्या म्हणजे नॅफ्थलीन. ते पेट्रोलात विरघळतं म्हणून लोकांना वाटतं काम झालं. पण वाटीतलं पेट्रोल उडालं की नॅफ्थलीन मागे राहतं आणि पुन्हा त्याचे स्फटिक होतात, नेमके जेटच्या तोंडाशी. जो कचरा काढायला निघालो तोच आपल्या हाताने आत भरला. शिवाय घरी, बंद खोलीत, मुलंबाळं असताना थिनर आणि पेट्रोल मिसळत बसणं म्हणजे आगीला बोलावणं. आजूबाजूला देवघरातला दिवा असतो, स्वयंपाकघरातला गॅस असतो.

“मायलेज दहाने वाढतं.” मायलेज का पडलं, हे न बघता हा आकडा दिलेला आहे. पायलट जेट चोंदलं म्हणून कुणी चोक अर्धा ओढून गाडी चालवत असेल, तर जेट साफ केल्यावर मायलेज नक्की सुधारेल. पण टायरमध्ये हवा कमी, ब्रेक चिकटलेला, क्लच घसरतो आहे, चेन कोरडी, एअर फिल्टर मातीने भरलेला, यातलं बाटली काय दुरुस्त करणार? जुन्या गाडीत पितळी नीडल जेट वर्षानुवर्षं घासून अंडाकृती होतं आणि गाडी जास्त पेट्रोल प्यायला लागते. झिजलेलं पितळ कुठल्याही द्रावणाने परत येत नाही.

“इथेनॉलचं पाणी नाहीसं होतं.” पंपावरच्या पेट्रोलात आता 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, हे बरोबर. थोडं पाणी ते स्वतःत सामावून घेतं. टाकीच्या झाकणाचं रबर खराब असेल आणि पावसाळ्यात पाणी जास्त शिरलं, तर मात्र पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर धरतात. पाणी घालवायच्या बऱ्याच बाटल्यांत अल्कोहोलच असतं, आणि इथेनॉलही अल्कोहोलच. दहा लिटर पेट्रोलात दोन लिटर इथेनॉल आधीच आहे, त्यात 50 मिलिलिटर आणखी घालून काय साधणार? एकदा थर वेगळा झाला की टाकी आणि वाटी रिकामी करणं एवढाच उपाय. हँडल धरून गाडी हलवली म्हणजे पाणी मिसळतं, असंही काही जण सांगतात. ते थोड्या वेळाने पुन्हा खाली बसतं.

“जुन्या-नव्या सगळ्या गाड्यांना चालतं.” 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आल्यावर जवळपास सगळ्या नव्या मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आलं. ज्या गाडीत कार्बोरेटरच नाही, तिचा कार्बोरेटर साफ करायचा प्रश्नच येत नाही. त्या गाडीत थिनर ओतलं तर गाडीतल्या पेट्रोल पंपाचा आणि सेन्सरचा खर्च अंगावर येईल.

राहिला “मिस्त्री लुबाडतात, कधीच खोलू नका” हा दावा. न खोलताच साफ केल्याचे पैसे घेणारेही भेटतात, नाही असं नाही. त्यावर उपाय म्हणजे समोर उभं राहायचं. जेट काढून उजेडाकडे धरून दाखवायला सांगा, स्प्रे मारायच्या आधी रबरी भाग काढले का ते बघा, आणि ट्यूनिंगचा स्क्रू काढण्याआधी किती फेरे होता ते मोजायला सांगा. नीट काम करणारा मिस्त्री याचा राग मानत नाही.

खोलायची गरज आहे की नाही, हे घरी पण कळतं. इंजिन थंड असताना, मोकळ्या जागी गाडी उभी करा, कॉक बंद करा, वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू थोडा सैल करा आणि नळीतून येणारं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या. पाच मिनिटं बाटली हलवू नका. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करायची. गंजाचे कण दिसले तर टाकी साफ करून कॉकची जाळी बघायची. पेट्रोल पिवळं पडून उग्र वास मारत असेल तर वाटी खोलायची. आणि यातलं काहीच नसेल तर कार्बोरेटरला हात न लावता आधी एअर फिल्टर काढून बघायचा.