कामगारांच्या राज्यात कामाला जाताना घ्यायची काळजी

असं धरून चाला की तुम्ही चिनी आहात, खेड्यातले आहात, 2003 साल नुकतंच लागलंय आणि तुम्हाला शहरात जाऊन चार पैसे कमवायचेत. उत्तम. राज्य कामगारांचंच आहे, राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात तसं लिहिलंय, तेव्हा घाबरू नका, फक्त थोडी तयारी करून निघा.

सगळ्यात आधी आई नीट निवडा. 1958 पासून तिथे हुकोऊ नावाची भानगड आहे, म्हणजे माणूस खेड्यातला की शहरातला याची सरकारी नोंद, आणि 1998 पर्यंत ती पोराला आईकडून मिळायची. बाप शांघायचा असून काय उपयोग, आई खेड्यातली तर तुम्हीही खेड्यातले, मग शहरात वीस वर्षं विटा वाहिल्यात तरी पाहुणेच. (आपल्याकडे चिपळूणहून परळला यायला एसटीचं तिकीट पुरायचं, पण आपल्याकडे कुठे कामगारांचं राज्य होतं म्हणा.)

आई चुकली असेल तर कागद सांभाळा. ओळखपत्र, तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना आणि नोकरीचा दाखला, आंघोळीला जातानासुद्धा जवळ ठेवा. नाहीतर पोलीस तुम्हाला उचलून आसरा देतील. हो, आसराच. 1982 चा नियम भिकाऱ्यांना, बेघरांना आधार देऊन गावी पोचवण्यासाठीच होता, 1991 मध्ये सरकारची माया आणखी वाढली आणि कागद नसलेला कामकरी माणूसही त्यात आला. कोर्ट नाही, वकील नाही, कटकटच नाही. नातेवाईकांनी पैसे भरले तर सुटाल, नाहीतर काम करून खर्च फेडा, तुम्ही आलेलाच होतात ना कामाला.

शिकलेले असाल तर जास्तच जपा. सुन झिगांग 27 वर्षांचा, हुबेईचा, वुहानमधून पदवी घेतलेला, ग्वांगझौमध्ये कपड्यांच्या कंपनीत डिझायनर. शहरात येऊन महिनाही झाला नव्हता, परवाना काढायचा राहिला होता आणि 17 मार्च 2003 च्या रात्री हा नेटकॅफेला निघाला तो ओळखपत्र घरी विसरून. मित्र ते घेऊन चौकीत धावला, पण सोडलं नाही. तिथून आसरा केंद्र, तिथून केंद्रातल्या लोकांसाठीचा दवाखाना, तिथे हा मदतीसाठी ओरडत राहिला म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्याला दुसऱ्या खोलीत हलवून इतर रुग्णांकडून मारायला लावलं. 20 मार्चला गेला. दवाखाना म्हणाला हृदयविकार, शवविच्छेदन म्हणालं मार. तेव्हा टीप अशी की आजारी पडू नका, पडलात तर ओरडू नका.

आणि कुणी मेलंच तर बातमी छापू नका. एका स्थानिक पेपरने 25 एप्रिलला छापली, मग तीन तरुण कायदेपंडितांनी हा नियम घटनेत बसत नाही म्हणून संसदेला अर्ज केला, आणि काय आश्चर्य, जूनमध्ये सरकारने नियमच रद्द केला! एका कर्मचाऱ्याला फाशीची शिक्षा झाली, बाकीच्यांना कैद. इथवर वाचून तुम्हाला वाटेल की बोलून उपयोग होतो. झाला ना. पुढच्याच वर्षी त्या पेपरचा संपादक काही महिने आत होता, भ्रष्टाचाराचा संशय म्हणे. आणि त्या तिघांपैकी शू झियोंगला 2014 मध्ये चार वर्षं आणि 2023 मध्ये चौदा वर्षं.

पण आता सगळं बदललंय, हे मात्र खरं. आता रस्त्यावरून उचलत नाहीत, घरातून बाहेर काढतात. नोव्हेंबर 2017 मध्ये बीजिंगच्या दाशिंगमध्ये आग लागून 19 माणसं गेली, त्यात परगावचे कामगारच जास्त, तर बाकीच्यांच्या सुरक्षेसाठी चाळीस दिवसांची मोहीम निघाली, वीज-पाणी तोडलं, काहींना सामान हलवायला तासच मिळाले. बीजिंगचा नोव्हेंबर गोठवणारा असतो. बॅग भरताना स्वेटर सगळ्यात वर ठेवा.