सिनेमाने देश बदनाम होतो म्हणे!

सोलापुरातल्या बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: परदेशी सिनेमावाले खोटंनाटं दाखवून, आपली गरिबी विकून बक्षिसं लाटतात, घोटाळ्यांच्या बातम्या आपलेच लोक जगभर पोचवतात, त्यामुळे पर्यटक पाठ फिरवतात आणि निर्यातीच्या ऑर्डरी जातात. इतर देश असलं काही खपवून घेत नाहीत, तेव्हा आपणही बंदी घालावी आणि चांगलं तेवढंच दाखवावं. खाली सोलापूरकरांसाठी खास पुरवणी जोडलेली आहे: दिग्दर्शक शांतारामबापूंनी, चीनमध्ये जखमींची सेवा केलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर सिनेमा काढला, म्हणून आजही चीनमध्ये सोलापूरचं नाव निघतं.

आमच्या ग्रुपवर तो ज्या काकांनी टाकला त्यांची उभी हयात यंत्रमागाच्या धंद्यात गेली. त्यांच्याबद्दल आदर आहेच. म्हणूनच अंगठा दाखवून गप्प बसण्यापेक्षा मुद्द्याला मुद्दा लावतो.

सुरुवात पर्यटकांपासून. मेसेजमध्ये 'स्लमडॉग मिलियनेअर'चं नाव घेतलंय. हा सिनेमा आपल्याकडे जानेवारी २००९ मध्ये लागला आणि पुढच्याच महिन्यात त्याला आठ ऑस्कर मिळाले. आता आकडे बघा. २००८ साली भारतात सुमारे ५३ लाख परदेशी पर्यटक आले, २००९ मध्ये ५२ लाखांच्या आसपास. झाली की घट, असं कुणी म्हणेल. पण त्या वर्षी जगभर मंदी होती आणि २६ नोव्हेंबरचा मुंबई हल्ला ताजा होता. २०१० मध्ये हाच आकडा ५८ लाखांच्या जवळ गेला आणि २०१९ मध्ये तो १ कोटी ९ लाखांवर होता. झोपडपट्टीचा सिनेमा बघून लोक घाबरले असते तर हे घडलं नसतं. आणखी एक गंमत. हा सिनेमा ज्या कादंबरीवरून निघाला ती लिहिणारे विकास स्वरूप हे भारताच्या परराष्ट्र सेवेतले अधिकारी होते. पुढे २०१५ मध्ये ते परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते झाले. देशाची बदनामी करणाऱ्या कथेच्या लेखकालाच सरकारने देशाची बाजू मांडायला बसवलं, याचा मेळ मेसेजवाल्यांनी घालून दाखवावा.

दुसरा मुद्दा घोटाळ्यांचा. यावर मी जास्त बोलणार, कारण रोजचा संबंध आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात परदेशी पार्ट्यांचा पत्रव्यवहार मी बघतो. पार्टी काय विचारते? जीएसएम (कापडाचं चौरस मीटरमागे वजन) किती, धुतल्यावर टॉवेल किती आटतो, रंग सुटतो का, डाईंगमध्ये बंदी असलेली रसायनं नाहीत याचा दाखला आहे का, कंटेनर कधी निघेल. मग ऑडिटला माणूस येतो. शिलाईच्या बायकांच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स काढून जन्मतारखा तपासतो, आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख वाचतो, संडासाची कडी लागते का तेही बघतो. अमक्या सिनेमात तुमचा देश असा का दाखवलाय, असा प्रश्न त्याच्या फॉर्मवर नसतो.

मग घोटाळ्याने धंदा बुडत नाही का? बुडतो, पण कशामुळे ते नीट बघा. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने आपल्याकडच्या एका बड्या कापड कंपनीशी व्यवहार तोडला. कारण एवढंच की इजिप्शियन कॉटन म्हणून दिलेल्या साडेसात लाख चादरी आणि उशांच्या अभ्र्यांत भलताच कापूस निघाला. यात ना कुठला परदेशी दिग्दर्शक होता ना देशद्रोही पत्रकार. लेबल खोटं होतं. उलट उदाहरण उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरच्या गालिच्यांचं. मागावर लहान मुलं बसतात ही गोष्ट जगभर गाजली, तेव्हा तिथेही 'कट आहे' म्हणणारे होतेच. पण कैलाश सत्यार्थींसारख्या लोकांनी १९९४ मध्ये 'रगमार्क'चं लेबल आणलं. मुलांना कामाला न लावता विणलेला गालिचा ओळखता यायला लागला आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला विश्वासाने घेता यायला लागला. बोंब झाली नसती तर ते लेबलही आलं नसतं.

'सत्यम' या सॉफ्टवेअर कंपनीचंही तेच. ७ जानेवारी २००९ ला कंपनीच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून सात हजार कोटींची गडबड कबूल केली. म्हणजे 'स्लमडॉग' लागला त्याच महिन्यात. आठवडा उलटायच्या आत सरकारने जुनं संचालक मंडळ घालवून नवी माणसं नेमली आणि एप्रिलमध्ये कंपनी टेक महिंद्राकडे गेली. आपल्या सॉफ्टवेअरच्या निर्यातीचं चाक काही थांबलं नाही.

आणि झाकल्यावर काय होतं? ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गॅम्बियातल्या मुलांच्या मृत्यूंचा संबंध हरियाणात बनलेल्या खोकल्याच्या सिरपशी जोडला. डिसेंबरमध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी उलट कळवलं की नमुने ठीक आहेत, घाईने बोट दाखवल्याने भारतीय औषधांची बदनामी झाली. शब्द जवळपास आपल्या मेसेजमधलेच. त्याच महिन्यात उझबेकिस्तानातून तशीच बातमी आली. शेवटी १ जून २०२३ पासून परदेशी जाणाऱ्या सिरपची सरकारी तपासणी सक्तीची झाली. परदेशी जाणाऱ्या, बरं का. २०२५ मध्ये विषारी सिरपने मध्य प्रदेशातली आपलीच लेकरं गेली. मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे. नावाची काळजी करता करता बाटलीची काळजी राहून गेली.

तिसरा मुद्दा, 'इतर देश खपवून घेत नाहीत'. कझाकस्तानचं बघा. २००६ मध्ये 'बोराट' नावाच्या इंग्रजी विनोदी सिनेमाने त्या देशाची यथेच्छ टवाळी केली. त्यात कझाकस्तानचं म्हणून दाखवलेलं खेडं तर रोमानियातलं! सरकार खवळलं, सिनेमा तिथे लागू दिला नाही. २०१२ मध्ये त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की या सिनेमानंतर व्हिसा दहापट झाले, आभारी आहोत. २०२० मध्ये तर पर्यटन खात्याने बोराटचंच पालुपद घेऊन जाहिरात केली.

दक्षिण कोरियाचा किस्सा याहून भारी. तिथल्या आधीच्या सरकारने गैरसोयीच्या कलावंतांची काळी यादी केली होती, हजारो नावांची. त्यात दिग्दर्शक बोंग जून-हो होते. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क ग्यून-हे यांना घोटाळ्यावरून पदावरून जावं लागलं. २०२० मध्ये बोंग यांच्या 'पॅरासाइट'ने चार ऑस्कर नेले. तो सिनेमा सोलमधल्या अर्ध्या तळघरात राहणाऱ्या कुटुंबाचा, जिथे पावसात गटाराचं पाणी शिरतं. गरिबी दाखवली, घोटाळ्यात राष्ट्राध्यक्ष गेल्या, तरी कोरियाचं नाव वरच चढलं. आपल्या पोरी आज कोरियन क्रीम लावतात आणि कोरियन गाणी म्हणतात.

आणि आपण बंदी घातली तेव्हा? २०१५ मध्ये दिल्लीच्या निर्भया प्रकरणावरचा बीबीसीचा माहितीपट आपण रोखला. बीबीसीने तो ठरल्या दिवसाच्या चार दिवस आधीच दाखवला आणि इंटरनेटवरून तो घरोघर पोचला. बंदी नसती तर किती जणांनी तो बघितला असता, कोण जाणे.

परदेशी सिनेमा खोटं दाखवतो, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे, आणि ते मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. १९७८ च्या 'मिडनाइट एक्सप्रेस'ने तुर्कस्तानातला माणूस म्हणजे क्रूरच असं रंगवलं. पटकथा लिहिणाऱ्या ऑलिव्हर स्टोन यांनी २००४ मध्ये तुर्कस्तानात जाऊन दिलगिरी व्यक्त केली. सव्वीस वर्षांनी! इंडियाना जोन्सच्या १९८४ च्या सिनेमात भारतीय राजाच्या पंगतीला माकडाचा मेंदू वाढलाय. संहिता बघून सरकारने चित्रीकरणाची परवानगी अडवली, तर मंडळी श्रीलंकेत कँडीला गेली आणि मेंदू वाढायचा तो वाढलाच. यात खलनायक झाले आपले अमरीश पुरी. असल्या भंपकपणाला उत्तर द्यावंच, लिहून, बोलून, खिल्ली उडवून. त्यासाठी खरी बातमी दाबायची गरज कुठून आली?

राहिली कोटणीसांची पुरवणी. शांतारामबापूंचा सिनेमा १९४६ चा. त्याच्या चार वर्षं आधी, ९ डिसेंबर १९४२ ला, द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये वारले, वय अवघं बत्तीस. १९३८ मध्ये पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं. शिच्याझुआंगमधलं त्यांचं स्मारक त्या कामाचं आहे. सिनेमा नसता निघाला तरी ज्यांच्या जखमा त्यांनी शिवल्या ते लोक त्यांना विसरले नसते. आपल्याकडे भैय्या चौकातल्या त्यांच्या घरात स्मारक आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितीजण तिथे जाऊन आलेत, हे विचारायचा मोह आवरतो.

शिवाय हे नाव एवढं मोठं असूनही १९६२ चं युद्ध झालंच. सप्टेंबर २०१४ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग दिल्लीत कोटणीसांच्या वृद्ध बहिणीला आदराने भेटले आणि जून २०२० मध्ये गलवानला दोन्ही सैन्यांची चकमक झाली. एका चांगल्या सिनेमाने देश जिंकता येतो म्हणणाऱ्यांनी या दोन तारखा मेसेजमध्ये कुठे बसवायच्या, ते काकांना विचारून कळवावं.