तीन कंपन्यांचे शेअर्स विकणे म्हणजे इस्रायलवर बहिष्कार नव्हे

अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाने, २०१४ साली ज्यूद्वेषापोटी इस्रायलवर बहिष्कार घातला आणि आपल्या गुंतवणुकीत राजकारण आणले, असा मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. यातले प्रत्येक विधान तपासून पाहायला हवे.

प्रथम बहिष्काराबद्दल. २० जून २०१४ रोजी डेट्रॉइट येथील महासभेने, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधींच्या सर्वोच्च सभेने, ३१० विरुद्ध ३०३ मतांनी संमत केलेला ठराव कॅटरपिलर, ह्युलेट-पॅकार्ड आणि मोटोरोला सोल्युशन्स या तीन कंपन्यांमधील सुमारे २ कोटी १० लाख डॉलरची गुंतवणूक काढून घेण्यापुरता होता, आणि या तिन्ही कंपन्या अमेरिकन आहेत. इस्रायलच्या अस्तित्वाचा हक्क त्याच ठरावाने पुन्हा मान्य केला, शिवाय बहिष्काराच्या जागतिक मोहिमेशी आपला निर्णय जोडला जाऊ नये, असेही त्यात स्पष्ट केले. आक्षेप होता तो उत्पादनांच्या विशिष्ट वापराला : पॅलेस्टिनी घरे पाडणारे बुलडोझर, तपासणी नाक्यांवरील बायोमेट्रिक ओळख यंत्रणा आणि व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातील इस्रायली वसाहतींसाठीची टेहळणीची साधने. कॅटरपिलरचे म्हणणे असे की आपली यंत्रे अमेरिकी सरकारच्या कार्यक्रमातून इस्रायलला जातात. पण ती कशासाठी वापरली जातात हे ठाऊक झाल्यावर मधल्या हाताकडे बोट दाखवणे मला पुरेसे वाटत नाही.

ज्यूद्वेषाचा आरोप मी हलक्याने घेत नाही. ज्यूंविरुद्धच्या आर्थिक बहिष्काराचा युरोपातील इतिहास भयंकर आहे, आणि चर्चशी संलग्न एका गटाने त्याच वर्षी काढलेल्या झायोनिझमविषयीच्या (ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीविषयीच्या) पुस्तिकेने अनेक ज्यू मंडळी योग्य कारणानेच दुखावली. ती पुस्तिका चर्चचे मत मांडत नाही, असे महासभेला जाहीर करावे लागले. तरीही ठरावाकडे येणारी वाट पाहिली पाहिजे. २००४ पासून चर्चची गुंतवणूक समिती भागधारक या नात्याने कंपन्यांशी बोलत होती. २००६ साली महासभेने गुंतवणूक काढण्याबद्दलची आधीची भाषा सौम्य केली, आणि २०१२ साली पिट्सबर्ग येथे गुंतवणूक काढण्याचा प्रस्ताव ३३३ विरुद्ध ३३१ मतांनी बाजूला पडला. इतकी वर्षे आपसात वाद घालून सात मतांच्या फरकाने घेतलेल्या निर्णयाला द्वेषाचा उद्रेक म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. शिवाय अमेरिकेतील बहुतेक मोठ्या ज्यू संस्थांनी ठरावाला विरोध केला असला, तरी ‘ज्युइश व्हॉइस फॉर पीस’ या अमेरिकन ज्यू संघटनेने त्याला पाठिंबा दिला होता.

गुंतवणुकीत राजकारण नको, हे म्हणणे तर फारच तोकडे आहे. तंबाखूच्या कंपन्यांत पैसे गुंतवायचे नाहीत, असे अनेक चर्चेस कधीच ठरवून बसली आहेत, आणि वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांबाबतही १९८० च्या दशकात हाच मार्ग अवलंबला गेला.

उरतो तो सर्वांत वजनदार आक्षेप, की एवढे शेअर्स विकल्याने कंपन्यांचे काहीच बिघडत नाही. ते खरे आहे. परंतु एखाद्या पॅलेस्टिनी कुटुंबाचे घर पाडणाऱ्या यंत्राच्या विक्रीतून आलेल्या लाभांशावर आपल्या निवृत्त पाळकांचे निवृत्तिवेतन चालावे का, या प्रश्नाचे उत्तर त्या प्रतिनिधींना कंपनीच्या ताळेबंदात मिळणार नव्हते.