पंगतीतला काळोख

आखाडातल्या एका रविवारी रात्री मंगळवार पेठेतल्या सासुरवाडीत मटणाचे जेवण होते. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये लख्ख हॅलोजनखाली पंगत बसली, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि सुके मटण ताटात स्थानापन्न झाले, आणि मी भाकरी मोडतो तोच लाईट गेली. अशा वेळी कोल्हापूरकर जेवायचा थांबत नाही. आजूबाजूने भुरके चालूच राहिले. मी मात्र जीवशास्त्राचा मास्तर आणि त्यातून जावई. इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबड्याचा कट सांडून घेण्याची माझी तयारी नव्हती.

वास्तविक याच प्रसंगासाठी प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलात सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात. प्रकाशाच्या एका कणाचीही दखल घेणाऱ्या या पेशींची रीत मात्र उफराटी आहे. अंधारात त्यांच्या आवरणातली दारे उघडी राहून सोडियम आत येत राहते आणि त्यांच्यातून पुढच्या पेशीकडे ग्लुटामेट हे निरोप पोचवणारे रसायन अखंड पाझरत असते. उजेड पडला की दारे मिटतात आणि पाझर आटतो. त्या गप्प झाल्या की उजेड आला, असे पुढच्यांनी समजायचे. (आमच्या मेहुण्याचेही असेच आहे, तो गप्प झाला की त्याच्या ताटात मटण पडले, असे समजावे.)

हॅलोजनने माझ्या दंडपेशींतले रोडॉप्सिन, म्हणजे उजेड टिपणारे रंगद्रव्य, बरेचसे खर्ची घातले होते. उजेड लागताच त्यातला रेटिनल हा अ जीवनसत्त्वापासून बनलेला बाकदार रेणू सरळ होतो आणि ऑप्सिन या प्रथिनापासून सुटतो. त्याला पुन्हा बाक आणण्याचे काम मागच्या रंजकपेशींच्या थरात चालते, आणि झगझगीत उजेडानंतर ही भरपाई पुरी व्हायला अर्धा तास सहज लागतो. मी धीर धरला. दहा मिनिटांनी वाट्यांच्या कडा उमटू लागल्या, तेवढ्यात “दाजी, दिसतंय का?” असे विचारत मेहुण्याने मोबाईलची बॅटरी थेट माझ्या डोळ्यांवर मारली. ज्याअर्थी तो बोलला, त्याअर्थी त्याचे मटण संपले होते. माझी मात्र सगळी कमाई बुडाली.

पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. दंडपेशींना लाल रंग जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळे तांबडा काळाठिक्कर आणि पांढरा राखाडी दिसणार, एवढ्या खुणेवर वाटी ओळखता आली असती. पण मेख निराळीच होती. आपण जिथे नजर रोखतो, त्या दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच. वाटीकडे पाहिले की वाटी नाहीशी होई. अंधूक तारा पाहताना नजर जरा बाजूला ठेवावी लागते, त्याच न्यायाने स्वतःची वाटी दिसण्यासाठी मला शेजारच्या ताटात पाहणे भाग होते, आणि शेजारी सासरे बसले होते. त्यांच्या ताटातल्या नळीवर मी दृष्टी खिळवली, तसा कडेला पांढरा रस्सा राखेच्या गोळ्यासारखा तरंगू लागला. मी हात हळूहळू पुढे सरकवला, आणि लाईट आली.

जावई सासऱ्यांच्या नळीकडे टक लावून बसला आहे आणि त्याचा हात अर्ध्या वाटेवर आहे, हे दृश्य अख्ख्या पंगतीने पाहिले. सासऱ्यांनी एक शब्दही न बोलता नळी उचलून माझ्या ताटात ठेवली.

“मागायची की, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “आपल्याच घरात लाजायचं कशाला?”

दंडपेशींचा खुलासा करण्यासाठी मी तोंड उघडले, तेवढ्यात मेहुणा म्हणाला, “दाजी, बोलतच बसणार असाल तर ती नळी इकडं द्या.”